वजनापुरतं सामान

मी एक पेटी बोलतेय. करड्या प्लास्टिकची, पिवळ्या झाकणाची, दोन्ही बाजूंना पकडायला मुठी असलेली साधी पेटी. इथली माणसं मला टोट म्हणतात. अलास्काच्या अगदी वरच्या टोकाला, गोठलेल्या समुद्राच्या काठी एक लहानसं गाव आहे. त्या गावातल्या एल्सी नावाच्या आजीच्या घरात, तेलाच्या शेगडीशेजारी, भिंतीला टेकून मी बसले आहे. माझ्या झाकणावरून चिकटपट्टीचे तीन वेढे गेले आहेत. त्या पट्टीच्या आत काय आहे, ते मला तुम्हाला सांगायचं आहे. इतके दिवस गप्प बसले, पण आता राहवत नाही.

माझा जन्म काही सांगण्यासारखा नाही. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं आणि मी बाहेर पडले. माझ्यासारख्या शेकडो जणी एकमेकींच्या पोटात बसून टेक्सासच्या एका मोठ्या दुकानात आल्या. शुगर लँडच्या त्या दुकानात जुलै महिन्यात एक मराठी जोडपं आलं. नवऱ्याने मला उचललं, उलटं केलं आणि बुडावर टकटक करून पाहिलं. पुरुषमाणसं पेटी घेताना असं का करतात कोण जाणे, कळत तर काहीच नाही त्यातलं.

त्याचं नाव यतीन. तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. बायकोचं नाव ज्ञानदा. ती मूळची नागपूरची, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला शिक्षणशास्त्र शिकलेली. तिला शाळेत शिकवायचं होतं, आणि तिच्या व्हिसाचे कागद करून द्यायला अख्ख्या अमेरिकेत एकच शाळा तयार झाली होती. ती शाळा या गावातली. माझ्याबरोबर माझ्यासारख्याच आणखी दोघी घेतल्या होत्या; आम्हा तिघी बहिणींना गराजमध्ये मांडून दोघं सामान भरत होती. गराजमध्ये इतकं उकडत होतं की यतीनच्या कपाळाचा घाम माझ्यात ठिबकत होता.

"एकच इयर हं, ज्ञानदा," तो म्हणाला. "मग इकडे ट्रान्सफरचं बघू."

"अरे हो रे. मला काय तिकडे पेंग्विन पाळायचेत का?"

"पेंग्विन साउथ पोलला असतात, यार."

"बघ! एवढंही माहीत नाही मला, आणि चाललेय शिकवायला."

दोघं हसली. मग ती हसता हसता रडायला लागली आणि त्याने भरायचं थांबवून तिला जवळ घेतलं. माझ्यात तूरडाळ, पोहे, कुकर आणि शेजारच्या मालिनीकाकूंनी स्वतः कुटून दिलेला गोडा मसाला गेला. वरून ज्ञानदाची लाल शाल. तो माझा पहिला भरलेला दिवस. तेव्हा मला वाटलं होतं की पेटीचा जन्म काही वाईट नाही.

पोस्टाने, ट्रकने, मोठ्या विमानाने आणि शेवटी आठ माणसांच्या चिमुकल्या विमानाने आम्ही इथे पोहोचलो. ज्ञानदा आमच्या आधी आली होती. आम्हाला न्यायला ती धावपट्टीवर उभी होती, आणि तिच्यापासून चार पावलांवर एक दहा वर्षांची मुलगी उभी होती. गोल चेहरा, नाक थंडीने लाल, अंगात थोरल्या कुणाचा तरी कोट. तीच मर्ना. तिने आधी आम्हा तिघींना मोजलं, मग ज्ञानदाकडे पाहिलं.

"टीचर, तू कधी जाणार?"

पोरं इथे इंग्रजीच बोलतात, पण मी मराठी घरातली पेटी, मला ते असंच ऐकू येतं. ज्ञानदा हसून म्हणाली, "अगं, आत्ताच तर आलेय!" मर्ना हसली नाही.

या प्रश्नाचा अर्थ मला पुढे कळला. या गावात शिक्षक टिकत नाहीत. ऑगस्टमध्ये येतात, थंडी आणि अंधार सोसतात आणि मे महिन्यात जातात. जाताना सगळेच म्हणतात की परत येणार. पण जो खरंच येणार असतो, तो आपल्या पेट्या गावात कुणाच्या तरी घरी ठेवून जातो. ज्याला यायचं नसतं, त्याच्या पेट्या एकेक करून पोस्टात जायला लागतात. त्यामुळे गावातली पोरं शिक्षकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, पेट्यांकडे बघतात. मर्नाच्या पाच वर्षांच्या शाळेत सहा शिक्षक झाले होते. तिची आईदेखील अशीच, अँकरेजला कामाला गेलेली, येते येते म्हणणारी. मर्ना आपल्या आजीजवळ, एल्सीजवळ राहायची आणि तिला इथल्या भाषेत आका म्हणायची.

शाळेने ज्ञानदाला खांबांवर उभं असलेलं दोन खोल्यांचं घर दिलं. मला तिने पोर्चमध्ये ठेवलं. पोर्च म्हणजे बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामधली गार खोली. हिवाळ्यात तोच इथला फ्रीज. तिथून मला सगळं ऐकू यायचं, आणि सुरुवातीचे काही महिने जे ऐकू आलं ते फार बरं नव्हतं.

तिला काही म्हणता काही जमेना. पाण्याची टाकी तीन दिवसांत संपवली आणि चौथ्या दिवशी शेजाऱ्याकडे बादली घेऊन जायची वेळ आली. वर्गात प्रश्न विचारला की मुलं नुसतीच गप्प बघतात, म्हणून तिने अर्ध्या वर्गाच्या नावांपुढे 'उत्तर नाही' अशी खूण केली. इथे भुवया उंचावल्या की तेच 'हो' असतं, हे तिला महिन्याभराने शिपायाने सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन तिने बूट काढले नाहीत, तशीच माझ्या झाकणावर बसली आणि यतीनला फोन लावला. "मी वर्गात त्यांना डफ्फर समजत होते रे. डफ्फर मी आहे." नोव्हेंबरात सूर्य मावळला तो दोन महिने उगवणार नव्हता. दुपारी बाराला खिडकीत जेमतेम निळसर उजेड यायचा. ती माझ्यावर बसून रडायची, आणि मला तिचं फार वाईट वाटायचं. पण पेटीने करावं तरी काय?

मासा आला तो त्याच्या थोडा आधी, ऑक्टोबरात. नदीवर बर्फ धरला होता. एल्सीआजी मर्नाला घेऊन गेली, बर्फाला भोक पाडून दोघी गळ टाकून बसल्या आणि मर्नाला आयुष्यातला पहिला मासा लागला. इथला रिवाज असा की आपला पहिला मासा स्वतः खायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. बहुतेक मुलं तो गावातल्या कुणा वडीलधाऱ्याला देतात. मर्ना तो घेऊन थेट ज्ञानदाच्या दारात आली. वीतभर मासा, हातात असतानाच गोठून वाकडा झालेला.

"हा माझा पहिला आहे. तुला."

ज्ञानदाच्या माहेरी कांदालसूणही चातुर्मासात बंद. तिने मासा दोन बोटांनी धरला, "थँक यू, बेटा" म्हणाली आणि मुलगी गेल्यावर तो एका पिशवीत गुंडाळून माझ्यात टाकला. पोह्यांच्या शेजारी! मी माझ्या आयुष्यात इतकी अवघडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मर्नाने विचारलं, "खाल्लास?"

"हो. छान होता."

मर्ना इतकी खुलली की त्या दिवसापासून रोज दुपारी घरी यायला लागली. चौथीतली मुलगी, पण तिला वाचता येत नव्हतं. दर वर्षी नवा शिक्षक तिला पहिल्यापासून शिकवायला घ्यायचा आणि निम्म्यावर सोडून जायचा. ज्ञानदाने तिला जेवणाच्या टेबलाशी बसवून, अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचायला शिकवलं. पोरगी हट्टी होती, पण बाईही नागपूरची होती. कुकरची शिट्टी झाली की मर्ना खुर्चीतून उडायची आणि मग दोघी हसत सुटायच्या. त्या घरात हसू ऐकू यायला लागलं ते तेव्हापासून.

आणि मासा माझ्यातच होता.

एका दुपारी ज्ञानदा म्हणाली, "मर्ना, पोर्चमधल्या टोटमधून पोहे आण बरं." तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मर्नाने माझं झाकण उघडलं, पोहे उचलले, पिशवी पाहिली. पिशवी उघडली. मग झाकण तसंच टाकून ती मासा हातात घेऊन आत गेली. आतलं दार उघडंच राहिलं, म्हणून मी सगळं ऐकलं आणि पाहिलं.

"नाही खायचा तर नाही म्हणून सांग," मर्ना म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "खोटं का सांगितलंस? सगळ्या टीचर खोटं सांगतात."

ज्ञानदा खुर्ची सरकवून तिच्यासमोर बसली. मग तिने सगळं सांगितलं. आमच्या घरी कुणी मासा खात नाही, मला भीती वाटली, तुला वाईट वाटेल म्हणून मी खोटं बोलले. शेवटी ती म्हणाली, "चुकलं माझं. परत कधी तुझ्याशी खोटं नाही बोलणार. प्रॉमिस."

"मग आता खा."

तिने खाल्ला. हळद-मीठ लावून, मालिनीकाकूंचा मसाला घालून, एकेक घास पाण्याबरोबर गिळत. मर्नाने त्यातला कणही तोंडात घातला नाही, नुसती समोर बसून बघत राहिली. शेवटचा घास संपला तेव्हा तिने भुवया उंचावल्या. ज्ञानदानेही उंचावल्या. त्या संध्याकाळी मला वाटलं, ही बाई आता इथली झाली.

जानेवारीच्या शेवटी सूर्य परत आला. मर्ना आता आकाला पुस्तक वाचून दाखवायची. एल्सीआजीने ज्ञानदासाठी केसाळ कातड्याचे हातमोजे शिवून पाठवले. शिपायापासून विमानवाल्यापर्यंत सगळे तिला ओळखायला लागले. तिलाही इथलं आवडायला लागलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगते. उगाच नाही ती पहाटे उठून बर्फावरचा गुलाबी उजेड बघायला पोर्चमध्ये येऊन उभी राहायची.

पण एप्रिलमध्ये यतीनचा फोन आला.

"शुगर लँडच्या शाळेचं लेटर आलं! व्हिसा तेच करतायत. ऑगस्टला जॉइन. ज्ञानदा? आहेस ना?"

"आहे."

"यार, मला वाटलं तू उड्या मारशील."

"आनंद झालाय रे. झालाय मला."

"दुसरा विंटर नको हं आता. मी इथे एकटा फ्रोझन पराठे खाऊन कंटाळलोय."

ती कुणाला दोष देण्यासारखी गोष्ट नव्हती. नवरा-बायकोने एकत्र राहू नये असं मी कशी म्हणेन? तिने मुख्याध्यापकांना सांगितलं. मर्नाला मात्र उद्या सांगते, उद्या सांगते करत राहिली. ती रोज आरशासमोर वाक्य म्हणून बघायची. मग दारात मर्ना यायची, पुस्तक उघडायची, आणि वाक्य राहून जायचं. तीन आठवडे असेच गेले.

मे महिन्यात तिने माझ्या दोघी बहिणी भरल्या आणि मुलं जेवणाच्या सुट्टीत असताना पोस्टात नेऊन दिल्या. डाळ-मसाला शेजाऱ्यांना वाटला, माझ्यातलं उरलंसुरलं दुसरीकडे घातलं. मी पोर्चमध्ये रिकामी, उघडी पडले होते. त्याच दुपारी मर्ना आली. दोन पेट्यांच्या रिकाम्या जागेकडे बघून तिचं तोंड एकदम उतरलं.

"टोट कुठे गेले?"

आता तरी सांगेल, असं मला वाटलं. ज्ञानदाने तोंड उघडलंही. मुलीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलेलं तिने पाहिलं, आणि ती घाईघाईने बोलून गेली, "अगं, जुनं सामान होतं ते. ही एक आहे ना! ही मी तुमच्याकडे ठेवून जाणार आहे."

मर्नाने तिला कमरेला घट्ट मिठी मारली. तिच्या डोक्यावरून ज्ञानदा माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. ती घाबरली होती.

मुलीला दिलेला शब्द पाळायचा तर मला भरायला हवं होतं, आणि भरायला घरात काही उरलं नव्हतं. संध्याकाळी ती शाळेच्या अडगळीच्या खोलीतून रद्दी घेऊन आली. वापरून झालेल्या स्वाध्यायवह्या, फाटकी मासिकं, रंग उडालेले नकाशे. त्याने माझं पोट भरलं. मला वाटत होतं, निदान लाल शाल तरी वर ठेवेल. थोडं तरी खरं होईल. पण शाल तिच्या खांद्यावरच राहिली. तिने झाकण लावलं, तीन वेढे चिकटपट्टी लावली आणि वर मार्करने आपलं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी एल्सीआजी मला न्यायला आली. म्हातारीने मला एका बाजूने उचललं आणि थांबली. तिने आजवर कितीतरी शिक्षकांच्या पेट्या उचलल्या असतील. भांडी असतील तर वाजतात, कपडे असतील तर पेटी हलकी लागते. मी जड होते आणि माझ्यात काही वाजत नव्हतं. आजीने मान वर करून ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदा आपल्या बुटांकडे बघत होती.

"ठेवते," आजी म्हणाली. एवढंच.

विमान गेलं तेव्हा मर्ना रडली नाही. रडायचं कशाला? तिच्या घरात टीचरचा टोट होता.

तो उन्हाळा मी मानात काढला. माझ्यावर कुणी काही ठेवायचं नाही, असा मर्नाचा हुकूम होता. शेजारची पोरं म्हणायची, "तुझी टीचर काही येत नाही." ती मला दाखवून म्हणायची, "मग हे काय आहे?" मी लाजेने चूर व्हायचे. ऑगस्ट लागला. विमानाचा आवाज आला की ती धावपट्टीकडे पळायची आणि थोड्या वेळाने चालत परत यायची. एकदा दोन नवे शिक्षक उतरले. त्यातला एक तिच्या वर्गाला आला. कधी जाणार म्हणून तिने त्याला विचारलंसुद्धा नाही.

सप्टेंबरात आजीच्या फोनवर ज्ञानदाचा व्हिडिओ कॉल आला. मर्ना फोन घेऊन माझ्यावरच येऊन बसली.

"टीचर! कधी येणार?"

"अं… बघू हं, बेटा. इथे थोडं काम निघालंय. ख्रिसमसनंतर कदाचित."

तिच्या मागून यतीनचा आवाज आला, मराठीत. "ज्ञानदा, सांगून टाक ना तिला, यार. किती दिवस असं करणारेस? इथे तुझा क्लासरूमही सेट झाला."

"थांब रे! मला नाही जमत," तीही मराठीतच म्हणाली, आणि मर्नाकडे बघून हसली. "टोट नीट आहे ना माझा?"

त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटीच होते. शब्द मला कळले. पण मर्नाला आवाज कळला असणार. मुलांना कळतो.

फोन बंद झाला. आका शेजारी गेली होती. मर्ना स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली आणि तिने तिन्ही वेढे कापले. मी झाकण घट्ट धरून ठेवू शकले असते तर ठेवलं असतं. तिने एकेक वही काढली, उलटून पाहिली, बाजूला ठेवली. मासिकं काढली. नकाशे उलगडले. कुठेतरी खाली खरं काहीतरी असेल, या आशेने ती तळापर्यंत गेली. मग रिकाम्या तळावर तिने हात फिरवला.

ती रडली असती तर मला सोसलं असतं. ती रडली नाही. तिने सगळी रद्दी होती तशी, त्याच क्रमाने परत भरली, खणातून चिकटपट्टी शोधून काढली आणि तीन वेढे लावले. तेवढ्यात दार उघडलं.

"काय करतेयस?" आजीने विचारलं.

"टोट पुसतेय. धूळ बसते."

आजीने सुरीकडे पाहिलं, नव्या चिकटपट्टीकडे पाहिलं. कोट खुंटीला अडकवायला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

"टीचरचं सामान नीट आहे ना?"

"नीट आहे. तिची ती डाळ आहे. शिट्टीचं भांडं आहे. लाल शालपण आहे."

"बरं झालं," एल्सीआजी म्हणाली. "शाल ठेवलीय म्हणजे येईलच ती."

हे होऊन आता बरेच महिने झाले. म्हातारीला मला उचललं त्या दिवसापासून ठाऊक आहे. पोरीला सुरी चालवली त्या दिवसापासून ठाऊक आहे. नात खचेल म्हणून आजी बोलत नाही, आणि आजीला वाईट वाटेल म्हणून नात बोलत नाही. जेवताना दोघी टीचरच्या गोष्टी काढतात, ती आली की काय काय करायचं ते ठरवतात. ज्या मुलीने एका माशासाठी खोटं खपवून घेतलं नव्हतं, ती आता रोज खोटं बोलते, अगदी सफाईने. हे तिला कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे. वाचायलाही तिनेच शिकवलं होतं.

ज्ञानदा, मी तुझी पेटी बोलतेय. तू दुष्ट नाहीस. मी तुला माझ्यावर बसून रडताना पाहिलंय. तू परत ये असंही मी म्हणत नाही, तुझं घर तिकडे आहे. पण एकदा फोन कर आणि 'मी येणार नाही' हे तीन शब्द तिला नीट सांग. ती रडेल, तुझ्यावर चिडेल, मला उचलून दाराबाहेर फेकून देईल. फेकू दे. मग त्या दोघींना एका ताटावर बसून एकमेकींशी खरं बोलता येईल.